फिफ्थ व्हील निवडण्याआधी ट्रकच्या दारावरचं स्टिकर वाचा

नमस्कार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुम्ही ६१, पत्नी ५८, मुलं मार्गी लागलेली. येत्या वसंतात न्यू जर्सीतलं घर विकायचं, ४२ फुटी, तीन स्लाइडवाली (बाहेर सरकून खोली रुंद करणारे तीन भाग असलेली) फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायची आणि कायमचं रस्त्यावर राहायला निघायचं. तुम्ही निवृत्त होणार, पत्नीचं काम लॅपटॉपवरून चालू राहणार. मित्राचा थ्री-क्वार्टर टन (एक-टनीच्या एक पायरी खालच्या वर्गातला) डिझेल ट्रक चांगल्या भावात मिळतोय. नॅशनल पार्क बघायचीत. दर थंडीत दोन-तीन महिने पुण्याला जायचंय. आणि प्रश्न काय, तर दोन फ्लोअर प्लॅनपैकी कुठला घ्यावा! खाली पत्नीची एक ओळ: कुकर आणि पोळ्या जमतात का?

फ्लोअर प्लॅनबद्दल मी काही सांगणार नाही. डीलरकडे जा, सोफ्यावर तासभर बसा, पलंगावर आडवे व्हा, शॉवरमध्ये उभं राहून साबण उचलायला वाका. ते तुमचं तुम्हाला कळेल. मला दिसते ती अडचण क्रमाची आहे. तुम्ही आधी ट्रेलर पसंत केला, मग त्याला ट्रक शोधला, आणि पत्ता, विमा, ग्रीन कार्ड हे सगळं 'ते बघू नंतर' म्हणून ठेवलं. सात वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच केलं होतं आणि पहिल्या आठ महिन्यांत एक ट्रक तोट्यात विकला होता. म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

आम्ही दोघंच. ३६ फुटी फिफ्थ व्हील, एक-टनी ड्युअली ट्रक, म्हणजे मागे जोडचाकं असलेला. टोइंग बहुतेक मी करते, नवरा मागे उभा राहून हात दाखवतो. उलटं करून पाहिलं होतं, ते कोणाच्याच हिताचं नव्हतं.

तर आधी ट्रक. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, आणि विकणारा तुम्हाला ओढण्याचाच आकडा सांगतो. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बॉलला लावतात, त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ व्हीलचा किंगपिन, म्हणजे जोडणीचा जाड लोखंडी खुंटा, ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास बरोबर वर बसतो. म्हणूनच ती शेजारून ट्रक गेला तरी फारशी डुलत नाही, वळतेही छान. पण त्या बदल्यात वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. याला पिन वेट म्हणतात, आणि गणित चुकतं ते इथेच.

तुमच्या ट्रेलरचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, तुम्ही १६,००० पौंड सांगितलंत. ब्रोशरमधलं 'ड्राय वेट' विसरून जा. त्यात ना पाणी, ना गॅस, ना तुमची भांडीकुंडी. पूर्णवेळ राहणाऱ्याचा ट्रेलर वर्षभरात कमाल वजनाच्या जवळ जातोच. १६,००० चे २२ टक्के धरले तर पिन वेट ३,५२० पौंड. हौद्यातल्या हिचचं, म्हणजे तो खुंटा पकडणाऱ्या जोडणीचं, वजन २०० च्या आसपास. तुम्ही दोघं मिळून ३००. हत्यारं, जनरेटर, नळ्या, लाकडी ठोकळे मिळून २००. बेरीज ४,२२०.

आता मित्राच्या ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते, म्हणजे पेलोड, पौंडांत लिहिलेलं असतं. थ्री-क्वार्टर टन डिझेलवर तो आकडा बहुधा २,००० ते २,५०० च्या घरात निघेल. कारण साधं आहे. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचं स्वतःचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या आसपास बांधलेलं असतं, आणि डिझेल इंजिन जड असल्यामुळे ते त्यातलाच वाटा खातं. म्हणजे ज्या इंजिनामुळे ट्रक जास्त ओढतो, त्याच इंजिनामुळे तो कमी पेलतो. ट्रक १०,००० पौंडांच्या वरचा असेल तर ते स्टिकर कदाचित नसेलही. मग टाकी भरून, दोघांनी बसून काट्यावर वजन करायचं आणि ते जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करायचं. मागच्या आसाची आणि टायरांची मर्यादाही त्याच दारावर लिहिलेली असते, तीसुद्धा बघायची.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते खरं, पण विंचवाला पेलोड बघावा लागत नाही.

काटा कुठे मिळेल? हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळ्या पाट्यांवर उभे करायचे. एकदा ट्रेलर जोडून, एकदा ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. आमचे आकडे देते. नुसता ट्रक, आम्ही दोघं आणि हिच धरून ८,८००. ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या दोन आसांवर मिळून ११,९००. फरक ३,१००, हेच पिन वेट. ट्रेलरच्या चाकांवर ११,२००. म्हणजे ट्रेलर एकूण १४,३००, आणि पिन वेट त्याच्या जेमतेम २२ टक्के. दोन्ही वजनांना मिळून वीसेक डॉलर लागले. एवढं आधी केलं असतं तर पहिला ट्रक घेतलाच नसता.

म्हणून मित्राला प्रेमाने नाही म्हणा. १६,००० पौंडांची गाडी ठरलीच असेल तर ड्युअली घ्या. ट्रक तोच ठेवायचा असेल तर खूप लहान, हलकी फिफ्थ व्हील बघा. तिसरा रस्ता लोक सुचवतात तो म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअर बॅग, बसवा. त्याने ट्रकचा मागचा भाग सरळ दिसतो, मर्यादा पौंडभरही वाढत नाही. आणि लायसन्स तपासा. ट्रक-ट्रेलर मिळून कमाल वजन २६,००० पौंडांच्या वर गेलं तर काही राज्यांत साधं लायसन्स चालत नाही. टेक्सासमध्ये अशा वेळी नॉन-कमर्शियल क्लास ए काढावं लागतं.

आता लांबी. तुम्हाला पार्क बघायचीत आणि हवी आहे ४२ फुटी, या दोन इच्छांचं एकमेकींशी फारसं जमत नाही. पार्कांमधले बरेच कॅम्पग्राउंड जुने, लहान ट्रेलर आणि तंबूंच्या हिशेबाने आखलेले. झाडांमधल्या वळणावर तुमचा मागचा कोपरा कुठे जाईल याचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता. यलोस्टोनमध्ये वीज-पाणी-सांडपाणी असं पूर्ण हुकअप देणारा कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला ट्रेलर व्हिलेज आहे, तिथे मोठ्या गाड्या बसतात. दोन्हींसाठी बुकिंग महिनोन् महिने आधी करावं लागतं. एरवी पार्कच्या बाहेर राहायचं आणि ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकने आत जायचं, हीच तर फिफ्थ व्हीलची खरी सोय. त्यातही गंमत बघा: ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टु-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. आमचा क्रू कॅब, लाँग बेड (चार दारांचा, लांब हौद्याचा) ट्रकच २२ फुटांचा. आम्ही मुकाट्याने शटलच्या रांगेत उभे राहिलो.

उंचीही डोक्यात पक्की हवी. मोठी फिफ्थ व्हील बहुधा १३ फुटांच्या आसपास किंवा वरच असते. एसीच्या टोपीपर्यंत टेपने स्वतः मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. फोनवरचा साधा नकाशा कमी उंचीच्या पुलाची फिकीर करत नाही. ट्रकसाठीचा जीपीएस घ्या. न्यू यॉर्कमधले कमी उंचीच्या पुलांचे पार्कवे रस्ते तर तुम्हाला माहीतच आहेत, तिकडे चुकूनही वळू नका.

जोडण्या-सोडण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमचा सगळ्यात महाग धडा तिथला. पहिल्याच वर्षी न्यू मेक्सिकोत सकाळी निघताना मी ट्रक मागे घेतला, 'खट्' झालं, हँडल आत गेलं. नवऱ्याने अंगठा दाखवला. केबल लावली, लँडिंग गिअर (ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय) वर केलं, मी गाडी पुढे घेतली. सहा फूट गेले असेन, मागून असा आवाज आला की शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले. किंगपिन जबड्यात नीट बसलाच नव्हता, ट्रेलर दोनेक इंच उंच राहिला होता आणि जबडा नुसता खाली मिटला होता. ट्रेलरचं पुढचं नाक ट्रकच्या हौद्याच्या दोन्ही कडांवर आपटून बसलं. कोणाला लागलं नाही. दोन्ही कडा चेपल्या, आणि पुढचे १७ दिवस आम्ही त्याच कॅम्पग्राउंडमध्ये.

तेव्हापासूनची पद्धत अशी. मागे जाण्याआधी ट्रेलरची उंची अशी ठेवायची, की हिचची थाळी ट्रेलरच्या पिनपेटीला खालून किंचित उचलेल. खट् आवाजावर विश्वास नाही. नवरा टॉर्च घेऊन वाकतो आणि जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का ते डोळ्यांनी बघतो. चाकांना ठोकळे लावलेलेच असतात, लँडिंग गिअरचे पाय जमिनीला टेकलेलेच असतात. मग मी ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हलकेच पुढे ओढते. ट्रक जागेवर अडकला तर जोड पक्का. त्यानंतरच पाय वर. यादरम्यान आमच्याशी कोणी गप्पा मारायला आलं तर हात जोडून सांगतो, पाच मिनिटं थांबा. आणि कोणी मधे बोललंच तर पहिल्यापासून पुन्हा.

रिव्हर्स घेण्याची भीती मात्र फार बाळगू नका. स्टिअरिंगला तळाशी धरा, हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये चार तास घालवा. शंका आली की उतरून बघा, लाज वाटू देऊ नका.

आता घर विकण्याबद्दल. हे पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स भरत रिकामं घर ठेवणं परवडणार नाही हे कळतं. पण भाड्याने देऊन पहिलं वर्ष काढता येईल का ते बघा. निदान घर बाजारात टाकण्याआधी महिनाभर तरी भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहा, आणि तेही सुट्टीसारखं नाही. पत्नीची मीटिंग चालू आहे, बाहेर पाऊस आहे, तुम्हाला टीव्ही लावायचाय आणि दोघांमध्ये एक पातळ सरकतं दार आहे, असा एक आठवडा त्यात आलाच पाहिजे. साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत एकमेकांचं फोनवरचं बोलणं दिवसभर ऐकू येतं. आम्ही शेवटी ठरवलं, की सकाळी दहा ते बारा नवरा बाहेर असणार. तो काय करतो मी विचारत नाही.

नवीन ट्रेलर घेणार असाल तर एक गोष्ट विचारून घ्या. बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात, आणि बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही गाडी कायमच्या राहण्यासाठी नाही. पूर्णवेळ राहता म्हटल्यावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तोच प्रकार विम्याचा. साधी आरव्ही पॉलिसी सुट्टीपुरती असते. 'फुल-टायमर' पॉलिसी मागा, तिच्यात घराच्या विम्यासारखी वैयक्तिक जबाबदारी धरलेली असते. कर्ज काढणार असाल तर बँकेला आधीच विचारा, काही बँका पूर्णवेळ राहणाऱ्यांना कर्जच देत नाहीत. आणि ताबा घेण्याआधी स्वतंत्र इन्स्पेक्टर लावून तपासणी करून घ्या, डीलरच्या माणसाने हिंडवून दाखवली ती तपासणी नव्हे. टायर नवे दिसले तरी त्यावर 'DOT' अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. '१४२३' म्हणजे २०२३ चा १४ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उन्हात वय होऊन फुटतात. आम्ही पाच वर्षांनी बदलतो, नक्षी कितीही चांगली दिसो.

पत्त्याचं काम घर विकण्याआधी करायचं. पूर्णवेळ फिरणारे बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य आपलं 'घर' म्हणून धरतात. तिन्हींत राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. साउथ डकोटात लायसन्ससाठी राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवावी लागते. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज या आरव्ही क्लबची मोठी टपालसेवा आहे. पण नुसता टॅक्स बघून राज्य निवडू नका. तुम्ही दोघं ६५ च्या आतले, त्यामुळे आरोग्य विमा आधी. मार्केटप्लेसच्या, म्हणजे सरकारी विमा-बाजारातल्या, पुष्कळ योजनांचं डॉक्टर-हॉस्पिटलांचं जाळं त्या राज्यापुरतंच असतं, बाहेर फक्त इमर्जन्सी. पत्नीच्या कंपनीचा देशभर चालणारा पीपीओ प्रकारचा आरोग्य विमा असेल तर त्यांची नोकरी सोन्यासारखी सांभाळा. पुढे ६५ ला मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, घेतलंत तर ते देशभर चालतं. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेजचं तसं नाही, तिथे बहुधा पुन्हा जाळं आडवं येतं. पत्नीच्या एचआरलाही आधी विचारा, कारण ज्या राज्यात बसून काम केलं तिथल्या टॅक्सचा प्रश्न येतो आणि काही कंपन्या असं फिरतं काम चालवून घेत नाहीत.

तुम्ही ओघात लिहिलंय की पत्नी अजून ग्रीन कार्डवर आहेत. मग पत्ता बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) एआर-११ फॉर्मने कळवायचंय, हे विसरू नका. सिटिझनशिपचा अर्ज करायचा असेल तर साधारणपणे त्या राज्यात तीन महिने वास्तव्य लागतं, आणि 'आम्ही फिरतो' हे उत्तर तिथे अवघड जातं. जमलं तर तो अर्ज न्यू जर्सीतूनच उरकून निघा. इथे माझ्या नव्हे, इमिग्रेशन वकिलाच्या सल्ल्याने चाला.

खर्चाचं सूत्र एकच: जितकं कमी हलाल तितकं स्वस्त. आमचा ट्रक टोइंग करताना गॅलनला १० मैल देतो. रात्रीच्या भावाने जी जागा ६०-७० डॉलरला पडते, तीच महिन्याच्या भावाने निम्म्यात मिळते, फक्त विजेचं बिल वेगळं. पहिल्या वर्षी आम्ही दर चौथ्या दिवशी हललो, आणि त्यात पैसे आणि आम्ही दोघेही संपलो. आता एका जागी तीन-चार आठवडे. फुकट राहायचं असेल तर पश्चिमेकडे बीएलएमच्या (सरकारी भूव्यवस्थापन खात्याच्या) जमिनींवर साधारण १४ दिवस राहता येतं, पण तिथे नळ नाही, वीज नाही. सोलर आणि बॅटऱ्यांचा खर्च केल्यावर ते 'फुकट' किती महाग पडतं याचा हिशेब आम्ही करत नाही. इंटरनेटसाठी स्टारलिंक (उपग्रहावरून इंटरनेट) आणि एक सेल्युलर राउटर, दोन्ही ठेवा, विषय संपला.

टाक्यांचा लोक उगाच बाऊ करतात. नियम दोनच. संडासाच्या, म्हणजे ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह हुकअपवर असलात तरी बंद ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी साचून डोंगर होतो. दोन-तृतीयांश भरल्यावर भरपूर पाण्यासह एकदम सोडायचा. त्यानंतर आंघोळीचा ग्रे टँक सोडायचा, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे वेगळ्या रंगाचे ठेवा, पिण्याच्या पाण्याची नळी त्यांनी उचलायची नाही.

विजेचं बघा: ५० अँपची जोडणी १२,००० वॉट देते, ३० अँपची फक्त ३,६००. ३० वर दोन एसी एकदम चालत नाहीत. खांबावरच्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून व्होल्टेज घसरल्यावर जोड तोडणारा सर्ज प्रोटेक्टर घ्या. तो नसल्यामुळे आमचा एक मायक्रोवेव्ह आणि एका एसीचा कॉम्प्रेसर गेला. थंडीत फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, गॅस पितो. ३० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ७ गॅलन प्रोपेन, म्हणजे जवळपास ६,४०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). तासाला ३५,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर १८ तासांत सिलिंडर रिकामा. 'फोर सीझन' लिहिलेलं स्टिकर बघून मोंटानात जानेवारी काढायला जाऊ नका.

तुम्ही थंडीत पुण्यालाच जाणार, त्यामुळे हा प्रश्न निम्मा सुटला. ॲरिझोनात किंवा दक्षिण टेक्सासमध्ये स्टोरेज लॉट बघा, छप्पर असलेला मिळाला तर उत्तम. पारा शून्याखाली जाणार असेल तर नळांमधलं पाणी काढून गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ भरायचं. बॅटरी तोडून ठेवायची. टायरांना उन्हाची झापडं लावायची. आणि एकही धान्याचा दाणा आत ठेवायचा नाही. आम्ही एकदा पोह्यांची पिशवी विसरलो. परत आलो तेव्हा उंदरांनी गादीच्या कापसात संसार थाटला होता, आणि नवरा म्हणाला, यांना तरी फ्लोअर प्लॅन आवडलेला दिसतो.

आता वहिनींचा प्रश्न. कुकर चालतो, तीन लिटरचा घ्या. पाच लिटरचा बुटका बर्नरवर बसतो पण वरच्या मायक्रोवेव्हला शिट्टी अडते. शिट्टीच्या वाफेने भिंती घामेजतात, छतावरचा पंखा लावून वरची झडप उघडी ठेवायची. फोडणी हिंगासकट आतच केली तर स्मोक अलार्म ओरडणार, म्हणून आमची फोडणी बाहेर टेबलावर, एका बर्नरच्या शेगडीवर होते. पहिल्या दिवशी शेजारी नाक मुरडतात, तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन येतात. पोळ्यांना ओटा पुरत नाही. सिंकवर बसणारी लाकडी फळी सुताराकडून कापून घ्या, आमच्याकडे तेच पोळपाट. तवा हलका लोखंडी. जड बिडाचा काकवी रंगाचा तवा मी हौसेने नेला होता, तो आता मुलीकडे आहे. भारतीय दुकान महिन्याने भेटतं असं धरा आणि तूरडाळ, कणीक, गोडा मसाला, कोकम तेवढं भरून ठेवा. पश्चिमेकडे आय-४० हायवेने गेलात तर पंजाबी ट्रकवाल्यांसाठी चालणारे ढाबे लागतात. तिथे मोठी गाडी उभी करायला जागा असते, आणि चहा खरा मिळतो.

पण जेवढा किराणा भराल तेवढा पिन वेटमध्ये धरा. आमच्या पुढच्या कप्प्यातच ४० पौंड कणीक असते.